किती गेलं आणि काय गेलं

ताईची बॅग तशी जड नव्हती. चार दिवसांचे कपडे, एक शाल, औषधांचा डबा आणि वाचायला घेतलेली दोन पुस्तकं. गाडीत चढल्यावर तिने ती नेहमीच्या सवयीने उचलली, छातीपर्यंत आणली आणि तिथे तिचे हात अडले. वरच्या फळीपर्यंत जेमतेम वीतभर अंतर राहिलं असेल. कोपरं थरथरायला लागली, तिने श्वास रोखून पुन्हा जोर लावला, आणि मग काहीच न झाल्यासारखी बॅग खाली घेऊन सीटखाली सरकवली. "वर कशाला, इथेच बरी. हाताशी राहील," म्हणाली. समोर बसलेल्या ओळखीच्या काकू तिच्याकडे केव्हापासून बघत होत्या. "काय बारीक झालीस गं! मी आधी ओळखलंच नाही. कसं केलंस, सांग की आम्हालाही." ताईच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली शाबासकी होती ती. आठ-नऊ महिन्यांत १५ किलो. ७९ वरून ६४. आकडे तिने दोनदा सांगितले, आणि सांगावेत असेच होते.

कौतुक खोटं नव्हतंच. तिच्या गुडघ्यांचं दुखणं निम्म्यावर आलं होतं, रक्तातली साखर खाली आली होती, रात्रीचं घोरणं थांबलं होतं. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली होती. तिने वजन उतरवणं गरजेचं होतं आणि तिने ते करून दाखवलं, त्याविरुद्ध माझ्या मनात काहीही नाही. पण ते अडलेले हात डोळ्यांसमोरून हलेनात. घर बदलायची वेळ आली की पुस्तकांची खोकी उचलायचं काम हिचं असायचं. मी एका खोक्याशी झटत असायचे तोवर ही दुसरं खांद्यावर टाकून दोन मजले चढून गेलेली असायची, आणि वरून हाक मारायची, "चल गं, आटप." तेव्हा ती जाड होती. सगळे तिला जाड म्हणायचे. तिच्या ताकदीबद्दल कुणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

१५ किलो गेले हे सगळ्यांना दिसलं. त्या १५ किलोंत काय काय गेलं, हे कुणी विचारलं नाही.

गाडीने वेग घेतल्यावर मी तिला सहज म्हणून विचारलं, दिवसभरात खातेस तरी काय? सकाळी बिनसाखरेचा चहा आणि एखादं फळ. दुपारी मोठा वाडगाभर सॅलड आणि भाज्यांचं सूप. चारला पुन्हा चहा. रात्री उकडलेल्या भाज्या, कधी थोडं दही, कधी नुसतंच फळ. डाळी, अंडी, मासे हे सगळं 'जड' म्हणून कधीच सुटलं होतं. रोज तासभर चालणं मात्र एक दिवस चुकलं नव्हतं. ती हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात अभिमान होता, आणि मी मनातल्या मनात बेरीज करत होते. दही, भाज्या, सूपमधले चार दाणे, सगळं धरूनही प्रथिनं ३० ग्रॅमच्या पुढे जाईनात. निरोगी प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८ ग्रॅम ही किमान शिफारस धरली तरी तिला ५० च्या वर हवी होती. शिवाय ०.८ ची ही रेघ पोटभर खाणाऱ्या, वजन स्थिर असलेल्या माणसासाठी आखलेली आहे, तीही उणीव होऊ नये इतपतच. जो मुद्दाम कमी खातो आहे त्याला प्रथिनं जास्त लागतात. ऐकायला हे उलटं वाटतं. कमी खायचं तर सगळंच कमी खायचं, असा आपला हिशेब असतो. ताईचाही तोच होता.

शरीराकडे चरबी ठेवायला जागाच जागा आहे. साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात साधारण १०० ग्रॅम मावते, स्नायूंत त्याहून काही पट अधिक. प्रथिनांसाठी मात्र वेगळं कोठार नाही. अंगात जेवढी प्रथिनं आहेत ती सगळी कामाला लागलेली आहेत. काही स्नायूंत आकुंचन पावत आहेत, काही रक्तातून प्राणवायू वाहत आहेत, काही जंतूंशी लढत आहेत. आणि ही सगळी अखंड मोडली जातात, पुन्हा बांधली जातात. मोठ्या माणसाच्या अंगात ही मोडतोड आणि बांधणी रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅमची असते, आपण झोपेत असतानाही ती चालू असते. मोडीतून निघालेली बरीचशी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या विटा, पुन्हा बांधणीत जातात, पण सगळी नाही. काही जळतात, त्यांतला नायट्रोजन लघवीवाटे निघून जातो. ती तूट जेवणातून भरली गेली तर ठीक. नाही भरली तर ती स्नायूंतून काढली जाते, कारण हृदयाला आणि यकृताला थांबून चालणारं नसतं. दंड आणि मांड्या यांना कुणी विचारत नाही.

जॉर्ज केहिल या संशोधकाने १९६० च्या दशकात बोस्टनमध्ये लांबलचक उपवासांचा अभ्यास केला तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं होतं. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातला साठा दिवसभरात संपत येतो. मग पहिल्या काही दिवसांत रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं मोडून शरीर ग्लुकोज बनवतं. ओल्या स्नायूच्या हिशेबात हे पाव किलोहून जास्त झालं. काही आठवड्यांनी मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर भागवायला शिकतो आणि तो आकडा २० ग्रॅमच्या आसपास उतरतो. मला या काटकसरीचं फार अप्रूप वाटतं. स्नायू संपले तर माणूस संपेल हे शरीराला जणू ठाऊक असतं. ताई काही उपाशी नव्हती, तिच्या बाबतीत हे सगळं कितीतरी संथ चाललं असणार. पण महिनोन् महिने तेच चालू राहिलं की संथपणाही पुरतो.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर उगाच घाबरवल्यासारखं होईल. वजन उतरताना चरबीखेरीज जे जातं ते सगळं स्नायूच असतं असं नाही. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो तेव्हा जातं ते मुख्यतः ग्लायकोजेन आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी, एका ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम. शिवाय जड शरीर वागवायला मोठे स्नायू लागतात. ओझं कमी झालं की त्यांतले थोडे कमी होणारच, आणि त्यात वाईट काही नाही. व्यायामाकडे आणि प्रथिनांकडे लक्ष न देता केलेल्या डाएटमध्ये उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा भाग चरबीखेरीजचा असतो, असं ढोबळपणे धरलं जातं. तरण्या, भरपूर चरबी असलेल्या माणसाला हा चौथा भाग फारसा जाणवणार नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईला तो बॅग फळीवर टाकताना जाणवतो.

स्नायू जाणं म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा बाबांच्या पायावर पाहिलं होतं. मी शाळेत होते. त्यांचं नडगीचं हाड मोडलं होतं आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर होतं. ते कापायला गेलो तेव्हा मी हट्टाने बरोबर गेले. करवतीचा घर्रर्र आवाज, पांढरी भुकटी, आणि प्लॅस्टर दोन बाजूंना उघडलं तसा आलेला एक आंबट, कोंदट वास. कातडीचे पापुद्रे सुटलेले होते, केस काळे आणि चिकटलेले. पण माझी नजर मांडीवर खिळली. दोन्ही पाय शेजारी शेजारी होते आणि ते एकाच माणसाचे वाटत नव्हते. एक भरदार, दुसरा काठीसारखा सरळ, गुडघ्याची वाटी तेवढी मोठी दिसत होती. बाबांनी त्या मांडीवर हात ठेवला, थोडं दाबून पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "हे परत येईल ना?" इतक्या हळू आवाजात बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "येईल. पण जायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ लागेल, आणि पायाला काम द्यावं लागेल." पुढे बाबा संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून पायाला वाळूची पिशवी बांधून तो वर-खाली करायचे. शेजारी अंड्यांची ताटली असायची. आई त्यांना रोज दोन अंडी द्यायची आणि ती संपेपर्यंत समोरून हलायची नाही. मला तेव्हा त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं वाटलं नव्हतं.

२००७ मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट वयस्क माणसांना १० दिवस फक्त अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, दुखापत नाही, जेवणातली प्रथिनं शिफारशीइतकी. १० दिवसांत त्यांच्या पायांतून सरासरी जवळपास एक किलो चरबीविरहित भार गेला. तो वाचला तेव्हा मला बाबांची मांडी आठवली, आणि प्रथिनं एकटी पुरत नाहीत हेही लक्षात आलं. घरात तंगी आली की रोज चुलीवर चढणारं भांडं कुणी मोडीत काढत नाही, माळ्यावर पडलेलं आधी निघतं. स्नायूंचंही तसंच आहे. जो स्नायू ओझं उचलतो आहे तो राखला जातो, पण त्याला राखायला लागणारा माल ताटातूनच यावा लागतो. दोन्हींपैकी एक असून भागत नाही.

चालणं हे ओझं उचलण्यात मोडत नाही, ही ताईच्या बाबतीतली दुसरी अडचण होती. मला हे तिला सांगायला जड गेलं, कारण रोजचं तासभर चालणं तिने किती निष्ठेने केलं होतं ते मी पाहिलं आहे. चालण्याने हृदयाचं, साखरेचं, मनाचंही भलं होतं. पण २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १६० स्थूल वृद्धांवरचा एक अभ्यास आला, त्यात डाएटबरोबर काहींना दमसासाचे, म्हणजे चालण्यासारखे, व्यायाम दिले, काहींना वजनं उचलायला लावली, काहींना दोन्ही. वजन तिन्ही गटांचं जवळजवळ सारखंच उतरलं. चरबीविरहित भार मात्र दमसासाच्या गटात ५ टक्के घटला, वजनं उचलणाऱ्यांत २ टक्के, आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के. शारीरिक क्षमता सगळ्यांत जास्त सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. म्हणजे ताईने चालणं सोडायचं काहीच कारण नव्हतं, त्यात भर घालायची होती. "या वयात वजनं?" असं तिने विचारलंच. मी तिला बोस्टनचा १९९० मधला एक प्रयोग सांगितला. वृद्धाश्रमातली नव्वदीच्या आसपासची १० अशक्त माणसं, आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम, आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलेली. ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "नव्वदी?"

हो, नव्वदी.

वजन परत वाढतं तेव्हा काय होतं, ते मला यातलं सगळ्यांत क्रूर वाटतं. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज या संशोधकाने ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. हे सगळे युद्धात लढायला नकार दिलेले, सेवा म्हणून स्वतःहून आलेले. २४ आठवडे अर्धपोटी राहून त्यांनी आपलं वजन जवळजवळ चौथाईने घटवलं. बटाटे, सलगम, पाव असं बेताचं जेवण आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचे फोटो आजही बघवत नाहीत. खाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा चरबी आधी परतली आणि स्नायू मागे राहिले, आणि ते भरून येईपर्यंत त्यांची भूक शमेना. त्या मानाने अलीकडचा, २०११ मधला, मासिक पाळी थांबलेल्या बायकांचा अभ्यास तर थेट ताईच्या वयाचा आहे. वजन उतरताना एक किलो चरबीमागे ०.२६ किलो चरबीविरहित भार गेला होता. पुढच्या वर्षात ज्यांचं वजन परत वाढलं, त्यांच्यात एक किलो चरबीमागे फक्त ०.१२ किलो परत आला. म्हणजे काट्यावरचा आकडा जुनाच दिसला तरी आतली बाई बदललेली असते, चरबी थोडी जास्त आणि ताकद थोडी कमी. ताईने आयुष्यात किती डाएट केली आणि सोडली याचा हिशेब तिच्याकडेही नाही. प्रत्येक वेळी वजन परत आल्यावर लोकांनी तिच्या जिभेला दोष दिला, आणि तिनेही तो मान्य केला. स्नायू गमावलेलं शरीर ते भरून येईपर्यंत भूक लावत राहतं असं कीज यांचे आकडे नंतर पुन्हा तपासणाऱ्यांना दिसलं आहे. हे तिला कुणी वेळेवर सांगायला हवं होतं.

मग खायचं किती? वजन उतरवणाऱ्या माणसासाठी दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, या पट्ट्यात बहुतेक जाणकार येऊन थांबतात. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांवरचे ४९ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्षही १.६ च्या आसपासच थांबतो, त्यापुढे सरासरी माणसाला फारसा वाढीव फायदा दिसत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ मध्ये ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला दिलं आणि कसून व्यायाम करवला. १.२ ग्रॅमवाल्यांनी आपले स्नायू राखले, २.४ ग्रॅमवाल्यांनी तर एवढ्या तुटीतही १.२ किलो चरबीविरहित भार कमावला आणि चरबीही जास्त घालवली. ते विशीतले होते आणि व्यायाम जीवघेणा होता, तेव्हा तो आकडा उचलून ताईच्या ताटात टाकण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी आम्ही रोज ८० ग्रॅम ठरवले. तिच्या डॉक्टरांना आधी विचारलं, कारण मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर प्रथिनं वाढवणं घातक ठरू शकतं आणि तिला साखरेचा त्रास आहे. तिचे रिपोर्ट स्वच्छ होते. मूत्रपिंडं निरोगी असतील तर एवढ्या प्रथिनांनी ती बिघडतात असं दिसलेलं नाही.

८० ग्रॅम हा आकडा कागदावर छोटा दिसतो. स्वयंपाकघरात उतरवायला बसलो तेव्हा तो किती मोठा आहे ते कळलं. ताईला वाटत होतं १०० ग्रॅम मासा म्हणजे १०० ग्रॅम प्रथिनं. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की मी आता पहिल्यांदा तोच विचारते. १०० ग्रॅम माशात साधारण २० ग्रॅम असतात, बाकी बरंचसं पाणी. एका अंड्यात सहा. पेलाभर दुधात सात-आठ. डाळींचा गोंधळ तर आणखी वेगळा. मी वजनकाट्यावर वाटी ठेवून १०० ग्रॅम कोरडे मसूर मोजले. डब्यावर लिहिलं होतं, प्रथिनं २४ ग्रॅम. ते भिजवून, शिजवून, पाणी निथळून पुन्हा मोजले तर काटा २५० च्या वर गेला. दाणे फुगून मऊ झालेले, सालं काही ठिकाणी सुटलेली, वाफेला मातीसारखा वास. प्रथिनं तेवढीच, २४. फक्त ती आता अडीच पट मोठ्या ढिगात पसरली होती, आणि ताई त्यातले दोन-तीन डाव वाढून घेणार होती. दोन डाव म्हणजे नऊ-दहा ग्रॅम. ती त्या वाडग्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मी रोज डाळ खाल्ली असती तरी पुरलं नसतं?" एकट्या डाळीने नसतं पुरलं. डाळ, दही, अंडी, सोयाबीन असं जोडत गेलं की पुरतं, आणि शाकाहारी माणसालाही पुरतं, थोडी जास्त मांडणी करावी लागते एवढंच.

पावडरींच्या डब्यांबद्दल मला राग नाही. दुधापासून केलेली चांगली पावडर हे शेवटी अन्नच आहे, आणि ज्याला चावायचा कंटाळा येतो किंवा भूक कमी आहे त्याला ती उपयोगी पडते. पण प्रथिनं म्हणून जे विकलं जातं ते सगळं सारखं नसतं, आणि हा धडा जगाने फार वाईट पद्धतीने घेतला आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर जगून वजन उतरवण्याची लाट आली होती. त्यांतली बरीचशी उत्पादनं जनावरांच्या कातडी-कंडरांतल्या कोलॅजेनपासून केलेली होती. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल नसतंच. दिवसाला अगदी थोड्या कॅलरी आणि त्याही अशा अपुऱ्या प्रथिनांच्या, खनिजांची वानवा वेगळीच. कित्येक माणसं, त्यांत बहुतेक बायका, हृदयाचे ठोके बिघडून दगावल्या. हृदय हाही स्नायूच आहे. आज कोलॅजेनच्या रंगीत पुड्या पुन्हा जिकडेतिकडे दिसतात. कातडीसाठी कुणाला घ्यायच्या असतील तर घ्याव्यात, दिवसाच्या ८० ग्रॅममध्ये मात्र त्या धरू नयेत.

सगळ्यांत अवघड गेली ती सकाळ. ताईची सकाळ वर्षानुवर्षं चहावर चाललेली. रात्रभर काही पोटात नसतं, मोडणं बांधणीपेक्षा पुढे गेलेलं असतं, आणि जे जेवण ही दिशा फिरवू शकतं तेच नेमकं रिकामं. तरुण स्नायू थोड्या प्रथिनांनीही बांधणीला लागतात. वय वाढलं की ते तेवढ्याने हलत नाहीत, एका बैठकीला २५-३० ग्रॅम मिळाले तर हलतात. रात्री एकदाच पोटभर खाऊन दिवसाची भरपाई करण्यापेक्षा तीन जेवणांत वाटून घेणं म्हणूनच सोयीचं. पहिले काही दिवस दोन अंडी आणि वाडगाभर घट्ट चक्का समोर ठेवून ती नुसती बसून राहायची. भूक नसायची हा भाग होताच, पण मला तिच्या डोळ्यांत दिसायची ती भीती. आयुष्यभर ज्या माणसाला 'कमी खा' एवढंच सांगितलं गेलं, त्याच्यासमोर भरलेली ताटली ठेवून 'हे संपव' म्हणणं ही काही साधी गोष्ट नाही. एकदा ती म्हणाली, "एवढं खाल्लं आणि वजन थांबलं तर?" मला तिच्या हातून ताटली काढून घ्यावीशी वाटली, आणि तिने ती संपवावी असंही वाटलं. मोजून खाण्याचं हे वेड तिला आणखी एका पिंजऱ्यात घालेल का, ही शंका मला आजही अधूनमधून येते. म्हणून काही आठवड्यांनी वजनकाटा कपाटात ठेवला. हाताला अंदाज आला होता, तेवढा बस.

वजन थांबलं नाही, संथ झालं. महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास उतरायचं ते एक-दीड किलोवर आलं. मध्ये काही आठवडे काटा तसूभर हलला नाही आणि त्याच आठवड्यांत तिने पँटची कंबर आत घेतली. स्नायू वाढले की चरबी आपोआप जळते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. त्यात तथ्य फार थोडं आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचार. त्या फरकासाठी कुणी घाम गाळू नये. स्नायू राखायचे ते जिना चढायला, पडताना सावरायला, आजारपणात अंथरुणावर पडावं लागलं तर मोडायला काहीतरी शिल्लक असावं म्हणून. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेणारी सगळ्यांत मोठी जागा स्नायूच असतात. मधुमेहाच्या माणसाने ते गमावणं म्हणजे औषधालाच लाथ मारणं.

हल्ली भूक मारणाऱ्या इंजेक्शनांमुळे हा विषय एकदम घाईचा झाला आहे. त्यांतल्याच सेमाग्लुटाइड नावाच्या इंजेक्शनच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. तोवर कुठल्या गोळीला हे जमलं नव्हतं आणि ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांतल्या काहींचं शरीर स्कॅनने मोजलं तेव्हा उतरलेल्या वजनातला ४० टक्क्यांच्या जवळपासचा भाग चरबीविरहित निघाला. माझ्या ओळखीतल्या एक मावशी हे इंजेक्शन घेतात. भूकच लागत नाही, दोन घास झाले की पोट गच्च होतं, याचा त्यांना केवढा आनंद आहे. त्या दोन घासांत काय आहे, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जे समोर असेल ते." चिठ्ठीवर औषधाचं नाव आहे, मात्रा आहे, पुढची तारीख आहे, गेल्या वेळचं आणि या वेळचं वजन आहे. रोज प्रथिनं किती आणि आठवड्यातून कितीदा वजनं उचलायची, हे त्याच चिठ्ठीवर, त्याच अक्षरात असायला हवं. ताटात आधी अंडं, मासा, पनीर किंवा डाळ, मग बाकीचं, एवढी ओळ तरी हवीच हवी. आणि पुढच्या भेटीत वजनाच्या शेजारी मुठीची ताकदही टिपावी. २०१५ मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांवरच्या अभ्यासात मुठीची ताकद पाच किलोने कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला होता, आणि रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा या मुठीवरून मृत्यूचा अंदाज चांगला येत होता. ती मोजायचं यंत्र रक्तदाबाच्या यंत्राएवढंच असतं, टेबलाच्या खणात मावतं, आणि मोजायला एक मिनिट लागतं.